वंशभेदविरोधी आंतरराष्ट्रीय प्रयत्न

वंश, वर्ण, जन्मपरंपरा किंवा राष्ट्रीय मूळ यांच्या आधारे माणसामाणसांत केला जाणारा भेद, तसेच परकीयांविषयीचा द्वेष नाहीसा करण्यासाठी राष्ट्रांनी संघटितपणे केलेले करार, उभारलेल्या संस्था व योजलेले निर्बंध यांचा समावेश या संज्ञेत होतो. येथे वर्ण म्हणजे कातडीचा रंग. चातुर्वर्ण्यातील वर्ण नव्हे. तथापि जातिभेदाचा या विषयाशी काही संबंध आहे किंवा नाही, हाच प्रश्न कालांतराने आंतरराष्ट्रीय वादाचा झाला. त्याचा परामर्श यथास्थळी घेतला आहे.

वंशभेद निंद्य आहे, याविषयी राष्ट्रांत उघड मतभेद आता उरलेला नाही. वाद आहे तो अधिकाराचा. एखादे राज्य आपल्या प्रजेतील एका गटास हीन लेखीत असेल, तर त्याला इतरांनी जाब विचारावा काय? विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या प्रश्नाचे उत्तर जवळजवळ एकमुखाने नकारार्थी होते. ते हळूहळू कसे बदलत गेले, हाच प्रस्तुत प्रयत्नांचा इतिहास होय. ते पूर्णपणे बदलले आहे, असे आजही म्हणता येत नाही.

पूर्वपीठिका : या प्रयत्नांचे मूळ गुलामगिरीविरोधी चळवळीत शोधण्याची प्रथा आहे. व्हिएन्ना परिषदेने १८१५ मध्ये गुलामांच्या व्यापाराचा निषेध केला. त्याच्या निर्मूलनासाठी १८९० मध्ये ब्रूसेल्स येथे करार झाला व राष्ट्रसंघाच्या विद्यमाने १९२६ मध्ये गुलामगिरीविषयक करार संमत झाला. परंतु माणूस विकू नये असे मानणारा त्या माणसाला आपल्या बरोबरीचा मानतोच, असे नाही. युरोपातील ज्या राष्ट्रांनी गुलामांच्या व्यापाराचा निषेध केला, त्यांनीच १८८४–८५ च्या बर्लिन परिषदेत आफ्रिकेच्या वाटणीचे नियम ठरविले आणि त्या परिषदेत एकही आफ्रिकी प्रतिनिधी नव्हता.

वांशिक समतेचा प्रश्न आंतरराष्ट्रीय व्यासपीठावर प्रथम स्पष्टपणे मांडला गेला तो १९१९ च्या पॅरिस शांतता परिषदेत. राष्ट्रसंघाच्या सनदेत समतेच्या तत्त्वाचा उल्लेख असावा, अशी सूचना जपानचे प्रतिनिधी बॅरन माकिनो नोबुआकी (१८६१–१९४९) यांनी केली. पहिला मसुदा अमान्य झाल्यावर त्यांनी तो बराच सौम्य केला. ११ एप्रिल १९१९ रोजी सनद समितीच्या १७ सदस्यांपैकी ११ जणांनी सूचनेच्या बाजूने मत दिले. तथापि अशा गंभीर प्रश्नावर एकमत आवश्यक आहे, असा निर्णय अध्यक्षस्थानी असलेले अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन (१८५६–१९२४) यांनी दिला व सूचना बारगळली. गोऱ्यांखेरीज इतरांना प्रवेशबंदी करणाऱ्या ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान विल्यम ह्यूझ यांनी तिला सर्वांत कडवा विरोध केला होता. जपानची भूमिकाही निर्मळ नव्हती. त्याच वसंत ऋतूत कोरियातील स्वातंत्र्यचळवळ जपानी सत्ता बळाने मोडून काढीत होती. दुसऱ्याच्या राज्यातील भेदाविषयी बोलावे व आपल्या राज्यातील भेदाविषयी मौन पाळावे, ही रीत अशी प्रारंभापासूनच दिसते.

राष्ट्रसंघाने समतेचे सर्वसाधारण तत्त्व स्वीकारले नाही. पूर्व व मध्य युरोपातील काही विशिष्ट राज्यांपुरते अल्पसंख्याकांच्या संरक्षणाचे करार मात्र त्याच्या देखरेखीखाली आले. या व्यवस्थेची मर्यादा एका प्रकरणावरून लक्षात येते. नाझींनी १९३३ मध्ये ज्यूंना नोकरीव्यवसायांतून काढण्यास प्रारंभ केला, तेव्हा अपर सायलीशिया या प्रदेशातील फ्रान्झ बर्नहाइम या नोकरी गमावलेल्या इसमाने राष्ट्रसंघाकडे अर्ज केला. त्या प्रदेशापुरता जर्मनी व पोलंड यांच्यात १९२२ साली झालेला करार लागू होता. त्यामुळे जर्मनीला तेथे आपले ज्यूविरोधी कायदे स्थगित ठेवावे लागले. कराराची मुदत १९३७ मध्ये संपताच ते कायदे तेथेही लागू झाले. जर्मनीच्या उर्वरित भागातील ज्यूंविषयी विचारणा करण्यास राष्ट्रसंघाजवळ कोणताच आधार नव्हता.

संयुक्त राष्ट्रे व भारताची तक्रार : दुसऱ्या महायुद्धातील ज्यूंच्या संहारानंतर ही उदासीनता टिकणे शक्य नव्हते. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेत (१९४५) वंश, लिंग, भाषा व धर्म यांवरून भेद न करता मानवी हक्कांचा आदर वाढविणे, हे संघटनेचे एक उद्दिष्ट म्हणून नमूद झाले. मात्र त्याच सनदेच्या दुसऱ्या कलमातील सातव्या परिच्छेदाने राज्याच्या अंतर्गत अधिकारक्षेत्रातील बाबींत हस्तक्षेप करण्यास संघटनेला मनाई केली. या दोन तरतुदींपैकी कोणती वरचढ ठरावी, याचा निर्णय सनदेने केला नाही. तो करण्याची वेळ वर्षभरातच आली व ती भारताने आणली.

नाताळमधील उसाच्या मळ्यांसाठी १८६० पासून भारतीय करारबद्ध मजूर नेले जात. मुदत संपल्यावर तेथेच स्थायिक झालेल्या या लोकांवर व त्यांच्यामागून गेलेल्या व्यापाऱ्यांवर डोईपट्टी, परवाने, वस्ती यांसंबंधी अनेक जाचक निर्बंध लादण्यात आले. त्यांविरुद्ध महात्मा गांधींनी (१८६९–१९४८) केलेला सत्याग्रह सर्वश्रुत आहे. गोपाळ कृष्ण गोखले (१८६६–१९१५) यांनी १९१० मध्ये केंद्रीय विधिमंडळात ठराव मांडून नाताळला जाणाऱ्या मजुरांची भरती बंद करविण्यास चालना दिली व १९१२ मध्ये स्वतः दक्षिण आफ्रिकेचा दौरा केला. तीन पौंडांची डोईपट्टी १९१४ मध्ये रद्द झाली. परंतु मूळ भेदनीती कायम राहिली. भारतीयांच्या जमीनमालकीवर व वस्तीवर कठोर मर्यादा घालणारा कायदा १९४६ मध्ये संमत झाला, तेव्हा युसुफ दादू व मॉण्टी नायकर यांच्या नेतृत्वाखाली तेथील भारतीयांनी निःशस्त्र प्रतिकार सुरू केला. भारताने आपले तेथील उच्चायुक्त, विदर्भातील नेते रामराव माधवराव देशमुख यांना परत बोलावले, दक्षिण आफ्रिकेशी असलेला व्यापार बंद केला आणि तक्रार संयुक्त राष्ट्रांकडे नेली. भारत तेव्हा स्वतंत्रही नव्हता, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे.

आमसभेत भारताची बाजू विजयालक्ष्मी पंडित (१९००–९०) यांनी मांडली. प्रतिपक्षी होते दक्षिण आफ्रिकेचे पंतप्रधान यान स्मट्स (१८७०–१९५०). सनदेच्या प्रास्ताविकातील मानवी हक्कांचा उल्लेख ज्यांच्या पुढाकाराने झाला, तेच हे स्मट्स. हा प्रश्न आमच्या देशाच्या अंतर्गत कारभारातील आहे, निदान त्यावर आंतरराष्ट्रीय न्यायालयाचे मत तरी घ्यावे, असा त्यांचा युक्तिवाद होता. ८ डिसेंबर १९४६ रोजी आमसभेने ३२ विरुद्ध १५ मतांनी भारताला अनुकूल ठराव संमत केला. सात राष्ट्रे तटस्थ राहिली. दोनतृतीयांश बहुमताला ही मते जेमतेम पुरेशी होती. ठरावाची भाषा सौम्य होती : भारतीयांना मिळणारी वागणूक उभय सरकारांतील करारांशी व सनदेशी सुसंगत असावी, एवढेच त्यात म्हटले होते. दक्षिण आफ्रिकेने तो मानला नाही आणि पुढील वर्षी तसाच ठराव आवश्यक बहुमताअभावी फेटाळला गेला. तरीही अंतर्गत अधिकारक्षेत्राच्या भिंतीला पडलेले हे पहिले भगदाड होय. ज्या राष्ट्रांनी विरोधी मत दिले त्यांत ब्रिटन व अमेरिका होती. आपल्यावरही पुढे अशीच पाळी येईल, हे त्यांनी ओळखले होते.

तशी पाळी लगेच आलीही. अमेरिकेतील निग्रो संघटनांनी १९४६ व १९४७ मध्ये आपली गाऱ्हाणी संयुक्त राष्ट्रांकडे अर्जांद्वारे पाठविली. दुसरा अर्ज विल्यम एडवर्ड बर्गहार्ट ड्यू बॉइस (१८६८–१९६३) यांच्या संपादनाखाली सिद्ध झाला होता. पहिल्या अर्जाचे वृत्त वाचून डॉ. बाबासाहेब आंबेडकर (१८९१–१९५६) यांनी १९४६ मध्ये ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले, अस्पृश्यांची व अमेरिकी निग्रोंची स्थिती पुष्कळशी सारखी असल्याचे कळविले व अर्जाच्या प्रती मागविल्या. अस्पृश्यांच्या वतीने तसाच अर्ज करण्याचा विचार तेव्हा त्यांच्या मनात होता. ड्यू बॉइस यांनी सहानुभूतिपूर्वक उत्तर पाठविले. मानवी हक्क आयोगाने मात्र व्यक्तींच्या वा गटांच्या तक्रारींवर कार्यवाही करण्याचा आपल्याला अधिकार नाही, असे ठरविले आणि पुढील वीस वर्षे हे दार बंद राहिले. भारताची तक्रार ऐकली गेली, कारण ती एका राज्याने केली होती. ज्यांच्या वतीने बोलणारे राज्य नव्हते, त्यांची तक्रार ऐकली गेली नाही.

मानवी हक्कांचा जागतिक जाहीरनामा आमसभेने १० डिसेंबर १९४८ रोजी ४८ मतांनी संमत केला. विरोधी मत एकही नव्हते. तटस्थ राहिलेल्या आठ राष्ट्रांत दक्षिण आफ्रिका, सौदी अरेबिया व सोव्हिएट गटातील सहा सदस्य होते. ‘सर्व पुरुष’ असा अर्थ निघू शकेल अशी पहिल्या कलमातील शब्दरचना बदलून तेथे ‘सर्व मानव’ असा शब्दप्रयोग आला, तो भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहता (१८९७–१९९५) यांच्या आग्रहामुळे. त्याच्या आदल्याच दिवशी वंशसंहारप्रतिबंधक करार संमत झाला होता. युनेस्कोने १९५० मध्ये मानववंशशास्त्रज्ञ व समाजशास्त्रज्ञ यांच्याकडून वंशकल्पनेविषयी एक निवेदन तयार करविले. क्लोद लेव्ही-स्त्राउस, ॲशली माँटॅग्यू व भारताचे हुमायून कबीर यांचा त्यात सहभाग होता. बौद्धिक पात्रता वंशावर अवलंबून असल्याचा पुरावा नाही, हा त्याचा सारांश. वंश ही जीवशास्त्रीय वस्तुस्थितीपेक्षा सामाजिक कल्पनाच अधिक आहे, या त्यातील विधानावर शारीर मानवशास्त्रज्ञांनी आक्षेप घेतल्याने १९५१ मध्ये दुसरे निवेदन काढावे लागले. १९६४ व १९६७ मध्ये आणखी दोन निवेदने प्रसिद्ध झाली. या निवेदनांच्या आधारे १९७८ मध्ये युनेस्कोने वंश व वंशविषयक पूर्वग्रह यांसंबंधी जाहीरनामा संमत केला.

वर्णविद्वेषी राजवटीविरुद्धची मोहीम : दक्षिण आफ्रिकेत १९४८ मध्ये नॅशनल पक्ष सत्तेवर आला व वर्णविद्वेष हे राज्याचे अधिकृत धोरण बनले. प्रजेची वंशवार नोंदणी आणि वंशवार वसतिक्षेत्रे यांचे कायदे १९५० मध्ये झाले. भारतीयांपुरता असलेला प्रश्न १९५२ मध्ये आशियाई व अरब राष्ट्रांच्या गटाने संपूर्ण कृष्णवर्णीय बहुसंख्येचा म्हणून आमसभेपुढे मांडला व चौकशी आयोग नेमला गेला. त्या आयोगाला दक्षिण आफ्रिकेने देशात येऊ दिले नाही.

परिस्थिती पालटली ती १९६० मध्ये. २१ मार्च रोजी शार्पव्हिल येथे परवानापद्धतीविरुद्ध निदर्शने करणाऱ्या जमावावर पोलिसांनी गोळीबार केला. त्यात ६९ जण ठार झाले. सुरक्षा परिषदेने या प्रश्नाची प्रथमच दखल घेतली. त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांत १७ नवी राष्ट्रे दाखल झाली. त्यांपैकी १६ आफ्रिकेतील होती. मतांचे पारडे कायमचे फिरले. आमसभेने १९६२ मध्ये दक्षिण आफ्रिकेशी व्यापारी व राजनैतिक संबंध तोडण्याचे आवाहन केले आणि एक विशेष समिती नेमली. या समितीचे कार्यवाह म्हणून व नंतर संयुक्त राष्ट्रांच्या वर्णविद्वेषविरोधी केंद्राचे प्रमुख म्हणून एनुगा श्रीनिवासुलु रेड्डी या भारतीय अधिकाऱ्याने केलेले काम मोलाचे ठरले. शार्पव्हिलचा दिवस १९६६ पासून वंशभेदनिर्मूलनाचा आंतरराष्ट्रीय दिन मानला जातो. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १९७१ मध्ये नामिबियासंबंधी दिलेल्या सल्ल्यात वर्णविद्वेषी धोरण सनदेच्या उद्दिष्टांचा उघड भंग करणारे असल्याचे म्हटले. वर्णविद्वेषाला गुन्हा ठरविणारा वेगळा करार १९७३ मध्ये झाला. पश्चिमी राष्ट्रे त्यापासून दूर राहिली.

प्रत्यक्ष निर्बंधांचा इतिहास मात्र ठरावांच्या संख्येइतका भरघोस नाही. दक्षिण आफ्रिकेला संघटनेतून काढून टाकण्याचा प्रस्ताव १९७४ मध्ये अमेरिका, ब्रिटन व फ्रान्स यांनी नकाराधिकार वापरून फेटाळला. आमसभेने तिच्या प्रतिनिधींना बैठकीत बसू दिले नाही, एवढेच झाले. शस्त्रविक्रीवरील सक्तीची बंदी १९७७ मध्ये आली. सर्वंकष आर्थिक निर्बंध सुरक्षा परिषदेने कधीच लादले नाहीत. ऱ्होडेशियातील अल्पसंख्य गोऱ्यांच्या राजवटीवर ते १९६८ मध्ये लादले होते, हे पाहता तरतुदीचा अभाव हे त्याचे कारण नव्हते. खाणी, सोने व युद्धसामग्री यांत गुंतलेले हितसंबंध हेच खरे कारण होय. अमेरिकेच्या काँग्रेसने १९८६ मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन यांचा नकाराधिकार डावलून निर्बंधांचा कायदा केला, तो मुख्यतः त्या देशातील जनमताच्या दडपणामुळे.

सामान्य माणसाला या मोहिमेची ओळख झाली ती क्रीडाक्षेत्रातून. दक्षिण आफ्रिकेला १९६४ च्या टोकियो ऑलिंपिक क्रीडासामन्यांत प्रवेश नाकारण्यात आला व १९७० मध्ये ऑलिंपिक संघटनेतून तिची हकालपट्टी झाली. १९७४ मध्ये भारतीय टेनिस संघ डेव्हिस चषकाच्या अंतिम फेरीत पोहोचला होता. प्रतिस्पर्धी दक्षिण आफ्रिका असल्यामुळे भारताने सामना खेळण्यास नकार दिला व चषक दक्षिण आफ्रिकेकडे गेला. नेल्सन मंडेला यांची १९९० मध्ये सुटका झाल्यावर आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये परतलेल्या दक्षिण आफ्रिकेच्या संघाने पहिला सामना नोव्हेंबर १९९१ मध्ये कलकत्त्याच्या ईडन गार्डन्सवर खेळला. एप्रिल १९९४ मध्ये सर्ववंशीय मतदानाने तेथील जुनी राजवट संपली. हा पालट आंतरराष्ट्रीय दडपणाने घडला, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. लढा तेथील जनतेने दिला. बाहेरच्या बहिष्काराने त्या राजवटीची प्रतिष्ठा व पतपुरवठा या दोहोंवर आघात केला.

१९६५ चा करार : प्रस्तुत विषयातील सर्वांत महत्त्वाचा दस्तऐवज म्हणजे सर्व प्रकारच्या वंशभेदाच्या निर्मूलनासाठी झालेला आंतरराष्ट्रीय करार. त्याचे निमित्त आफ्रिकेतील नव्हते. १९५९ च्या नाताळात कोलोन येथील ज्यूंच्या प्रार्थनामंदिरावर स्वस्तिके रंगविण्यात आली व पुढील काही आठवड्यांत अनेक देशांत तसे प्रकार घडले. त्यांतून वंशभेद व धार्मिक असहिष्णुता यांविरुद्ध आंतरराष्ट्रीय कायदा करण्याची मागणी पुढे आली. १९६२ मध्ये हे दोन विषय वेगळे करण्यात आले. वंशभेदाविषयी १९६३ मध्ये जाहीरनामा व २१ डिसेंबर १९६५ रोजी करार संमत झाला. धर्माविषयी केवळ जाहीरनामा झाला व तोही १९८१ मध्ये. करारात ज्यूद्वेषाचा नावाने उल्लेख करण्याची अमेरिकेची सूचना आणि तीवर झायोनिझमचाही उल्लेख करण्याची सोव्हिएट रशियाची प्रतिसूचना, अशी दोन्ही बाजूंनी ओढाताण होऊन अखेर दोन्ही शब्द गाळण्यात आले. परिणामी ज्यूद्वेषाच्या घटनांतून जन्मलेल्या या करारात त्याचे नावही नाही.

हा करार ४ जानेवारी १९६९ पासून अंमलात आला. भारताने ३ डिसेंबर १९६८ रोजी त्याचे अनुसमर्थन केले. अमेरिकेने ते १९९४ मध्ये केले व वंशद्वेषी प्रचारावर बंदी घालण्याविषयीचे चौथे कलम आपल्या भाषणस्वातंत्र्याच्या मर्यादेतच लागू राहील, अशी अट घातली. एकशेऐंशीहून अधिक राज्ये आज या कराराने बांधलेली आहेत. वंश, वर्ण, जन्मपरंपरा, अथवा राष्ट्रीय वा वांशिक मूळ यांवर आधारलेला व समान हक्कांच्या उपभोगास बाध आणणारा कोणताही भेद म्हणजे वंशभेद, अशी त्याच्या पहिल्या कलमातील व्याख्या आहे. भेदाचा हेतू नसला, तरी परिणाम तसा असल्यास तो या व्याख्येत येतो. मागे राहिलेल्या गटांसाठी केलेल्या तात्पुरत्या खास सवलतींना वंशभेद समजू नये, असेही तेथे म्हटले आहे. राखीव जागांची पद्धत असलेल्या भारताला हे कलम अनुकूल होते.

देखरेखीसाठी १८ तज्ज्ञांची समिती असते. सदस्य राज्यांनी तिला नियतकालिक अहवाल द्यावयाचे, तिने प्रश्न विचारून निष्कर्ष कळवावयाचे, अशी कार्यपद्धती आहे. समितीजवळ शिक्षेचा अधिकार नाही. अहवाल वर्षानुवर्षे थकतात आणि आलेले अहवाल बहुधा आपल्या कायद्यांची यादी देऊन थांबतात. चौदाव्या कलमान्वये व्यक्तींनाही तक्रार करता येते. परंतु तशी संमती देणारी घोषणा त्या राज्याने स्वतंत्रपणे करावी लागते. पहिल्या दहा घोषणा पूर्ण होण्यास १९८२ उजाडले. भारताने ती केलेली नाही. १९४७ मध्ये बंद झालेले दार अशा रीतीने उघडले खरे. पण कडी आतूनच आहे.

जन्मपरंपरा व जातिभेद : पहिल्या कलमातील जन्मपरंपरा हा शब्द भारताच्या दुरुस्तीसूचनेमुळे आला. तो घालताना भारताच्या प्रतिनिधींना नेमके काय अभिप्रेत होते, हे चर्चेच्या इतिवृत्तावरून निर्विवादपणे ठरत नाही. भारताच्या अहवालाचा विचार करताना १९९६ मध्ये समितीने असे मत दिले, की या शब्दाचा अर्थ केवळ वंशापुरता नाही; अनुसूचित जातींची स्थिती कराराच्या कक्षेत येते. भारत सरकारने ते अमान्य केले. जात म्हणजे वंश नव्हे. अस्पृश्यता संविधानाच्या सतराव्या अनुच्छेदाने नष्ट केली आहे. नागरी हक्क संरक्षणाचा १९५५ चा व अत्याचार प्रतिबंधाचा १९८९ चा, असे दोन कायदे अस्तित्वात आहेत. हा देशाचा अंतर्गत प्रश्न आहे, अशी सरकारची भूमिका राहिली.

डरबन येथे ३१ ऑगस्ट ते ८ सप्टेंबर २००१ या काळात भरलेल्या जागतिक परिषदेत हा वाद ऐरणीवर आला. भारतातून गेलेल्या दलित संघटनांनी व्यवसाय व जन्म यांवर आधारित भेदाचा उल्लेख अंतिम घोषणापत्रात व्हावा, यासाठी जोराचा प्रयत्न केला. मसुद्यातील तसा परिच्छेद भारताच्या विरोधामुळे गळला. समाजशास्त्रज्ञ आंद्रे बेते यांनी जातीला वंश मानणे अशास्त्रीय असल्याचे सांगून परिषदेच्या पूर्वतयारीसाठी नेमलेल्या राष्ट्रीय समितीचा राजीनामा आधीच दिला होता. जातिव्यवस्था वंशभिन्नतेतून उद्‌भवली, हे मत डॉ. आंबेडकरांनीही १९३६ च्या आपल्या सुप्रसिद्ध भाषणात व नंतरच्या ग्रंथांत खोडून काढले होते. परंतु करारातील व्याख्या वंश व जन्मपरंपरा ही दोन वेगळी कारणे म्हणून देते. तेव्हा जात हा वंश नाही, हे सिद्ध केल्याने दुसऱ्या शब्दाचा प्रश्न सुटत नाही. समितीने २००२ मध्ये सर्व राज्यांना उद्देशून केलेल्या शिफारशीत जातीसारख्या वंशपरंपरागत श्रेणींवरून होणारा भेद जन्मपरंपरेच्या कक्षेत येतो, असे पुन्हा स्पष्ट केले. १९४६ मध्ये स्मट्स यांनी घेतलेल्या अंतर्गत अधिकारक्षेत्राच्या आक्षेपाचा भारताने आता स्वतः आश्रय घ्यावा, यातील विसंगती टीकाकारांच्या नजरेतून सुटली नाही. दक्षिण आफ्रिकेतील भेद कायद्यानेच घडविलेला होता व भारतातील भेद कायद्याविरुद्ध चालतो, हा सरकारच्या बाजूचा युक्तिवादही वजनदार आहे. दरम्यान स्थलांतरितांबरोबर हा प्रश्न परदेशीही पोहोचला आहे : अमेरिकेतील सीॲटल नगरपरिषदेने २०२३ मध्ये जातिभेदास कायद्याने बंदी केली.

डरबन परिषद दुसऱ्याही एका वादाने ग्रासली होती. झायोनिझम हा वंशवादाचाच प्रकार होय, असा ठराव आमसभेने १९७५ मध्ये संमत केल्यापासून पश्चिमी राष्ट्रांचा वंशभेदविरोधी दशकांवरील (पहिले १९७३–८३) विश्वास उडाला होता. तो ठराव १९९१ मध्ये रद्द झाला, तरी डरबन येथे इस्राएलसंबंधीच्या मजकुरावरून अमेरिका व इस्राएल यांनी परिषद सोडली. घोषणापत्रात गुलामगिरी व गुलामांचा व्यापार मानवतेविरुद्धचा गुन्हा म्हणून मान्य झाला, ही तिची मोठी फलश्रुती. परंतु परिषद संपल्यावर तीनच दिवसांत न्यूयॉर्क व वॉशिंग्टन येथे दहशतवादी हल्ले झाले आणि तिच्याकडे जगाचे दुर्लक्ष झाले.

परकीयद्वेष : वंशभेदापेक्षाही या बाबतीत आंतरराष्ट्रीय कायदा दुबळा आहे. युगांडाचे हुकूमशहा इदी अमीन यांनी ऑगस्ट १९७२ मध्ये आशियाई लोकांना नव्वद दिवसांत देश सोडण्याचा हुकूम दिला. त्यांत गुजराती व्यापारी होते, तसेच शासकीय सेवेतील गोमंतकीयही होते. सुमारे २८,००० जण ब्रिटनमध्ये गेले. ज्यांना कोणत्याच देशाचे नागरिकत्व उरले नाही, त्यांच्यासाठी संयुक्त राष्ट्रांना युरोपात तात्पुरत्या छावण्या उघडाव्या लागल्या. त्या राजवटीविरुद्ध संघटनेने परिणामकारक असे काही केले नाही. गोऱ्यांनी केलेल्या भेदाविरुद्ध एकवटलेला आफ्रिकी गट स्वतःच्या सदस्याविरुद्ध बोलावयास राजी नव्हता.

१९६५ च्या करारातही नागरिक व परकीय यांत राज्याने केलेला भेद वंशभेदाच्या व्याख्येतून वगळला आहे. समितीने २००४ मध्ये या अपवादाचा अर्थ संकुचितपणे लावण्याची शिफारस केली. परंतु कातारच्या तक्रारीवर निर्णय देताना आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २०२१ मध्ये विद्यमान नागरिकत्व म्हणजे राष्ट्रीय मूळ नव्हे, असे ठरविले. स्थलांतरित कामगारांच्या हक्कांविषयीचा १९९० चा करार २००३ पासून अंमलात आहे. त्यावर मुख्यतः कामगार पाठविणाऱ्या देशांनीच सह्या केल्या आहेत. कामगार घेणारे युरोप-अमेरिकेतील व आखातातील देश त्यापासून अलिप्त राहिले. ज्याचे लक्षावधी मजूर आखातात राबतात, तो भारतही त्यात नाही. मे २००८ मध्ये खुद्द दक्षिण आफ्रिकेत झिंबाब्वे, मोझँबीक इ. देशांतून आलेल्या गरीब स्थलांतरितांवर जमावांनी हल्ले केले. साठाहून अधिक लोक मृत्युमुखी पडले.

युरोपातील प्रादेशिक व्यवस्था तुलनेने अधिक परिणामकारक ठरल्या आहेत. युरोपीय समुदायाने २००० मध्ये सदस्य राज्यांना नोकरी, शिक्षण, निवास इ. बाबतींत वंशभेदास बंदी करणारे कायदे करण्याचा आदेश दिला. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क आयोगाने १९९३ मध्ये वंशवाद व परकीयद्वेष यांच्या अद्ययावत प्रकारांविषयी एक विशेष प्रतिवेदक नेमला. २०२२ मध्ये या पदावर भारताच्या अश्विनी के. पी. यांची नियुक्ती झाली. अमेरिकेतील मिनीॲपोलिस येथे मे २०२० मध्ये पोलिसांच्या हातून जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीयाचा मृत्यू झाल्यानंतर आफ्रिकी राष्ट्रांच्या मागणीवरून मानवी हक्क परिषदेत तातडीची चर्चा झाली आणि पोलिसी अत्याचारांची चौकशी करणारी तज्ज्ञयंत्रणा २०२१ मध्ये स्थापन झाली. आफ्रिकी वंशाच्या लोकांसाठी २०१५–२४ हे दशक पाळण्यात आले. दुसरे दशक २०२५ पासून सुरू झाले आहे. १९६५ च्या कराराच्या भंगाबद्दल एका राज्याला दोषी ठरविणारा आंतरराष्ट्रीय न्यायालयाचा निर्णय ३१ जानेवारी २०२४ रोजी झाला : क्रिमियात युक्रेनियन भाषेतून शालेय शिक्षण देण्याच्या बाबतीत रशियाने कराराचे उल्लंघन केले, असे न्यायालयाने म्हटले. युक्रेनच्या इतर बहुतेक मागण्या त्याने अमान्य केल्या.